विसण

भोकरदनच्या त्या घरात, न्हाणीतून "अगं आई गं!" अशी आरोळी आली आणि सगुणा चुलीपासून ताडकन उठली. तिच्या भावाचा, कारभारीचा, मित्र बद्रीनाथ, हैदराबादला विज्ञान शिकणारा, रात्रीच पाहुणा आला होता. घंगाळात कढत पाणी तिनंच ओतलेलं, आणि विसण घालायला साफ विसरलेली! थंड पाण्याची कळशी घेऊन ती धावली, दाराआडून आत सरकवली... लालबुंद झालेला हात तेवढा दिसला आणि तिला हसू फुटलं.

मग रोजच दाराआडून बोलणं व्हायला लागलं. निजामाच्या राज्यातल्या त्या हिवाळी सकाळी, तो चुलीचा धूर... साठी उलटली तरी सगुणाबाईंना सगळं आठवतं, आणि अजून लाज वाटते.

"विसणानं पाण्यात होतं तरी काय?" एका सकाळी तिनं विचारलं.

"पाण्याचे बारीक कण असतात. कढत पाण्यातले जोरात पळतात, थंडातले हळू. टक्कर झाली की पळणारा आपला जोर दुसऱ्याला देतो."

"सगळ्यांना बराबर?"

"बिलकुल न्हाई! कुणाला थोडा, कुणाला लई. वाटणी घडोघडी बदलून राह्यली. आपल्या हाताला मात्र कोमटच लागतं."

"अन् परत कढत एकीकडं, थंड एकीकडं?"

"वाटणीच्या तऱ्हा इतक्या, की नेमकी तीच परत यायची म्हंजे... जग संपलं तरी न्हाई."

त्याच दिवशी तो जाणार होता. दुसऱ्या दिवशी जाफराबादची माणसं तिची सुपारी फोडायला येणार होती.

"मंग तुम्ही गेल्यावर —" तिनं दाराला टेकून विचारलं, "मी तुमच्या येण्याअगोदरसारखी कशी व्हायची?"

आतला तांब्या थांबला. जरा वेळानं बद्रीनाथ बाहेर आला तो ओल्या केसांनीच, आणि थेट ओसरीवर गेला. तिथं तिचे वडील काकासाहेब सुपारी कातरत बसले होते.

"काकासाहेब, जाफराबादकरांना नको म्हणा. सगुणाला मी मागून राह्यलो."

"कुणाच्या सांगण्यावरून?" काकासाहेब कडाडले.

बद्रीनाथनं मान खाली घातली. तिचं नाव काही तो घेईना. तेव्हा वडीलधाऱ्यांसमोर कधी तोंड न उघडलेली सगुणा उंबरा ओलांडून पुढं आली.

"माझ्या, आबा."

काकासाहेबांनी तिच्याकडं पाहिलं. मग अडकित्ता खाली ठेवून त्यांनी मुलाला हाक मारली.

"कारभारी, जाफराबादला माणूस धाड. अन् आधी ह्या जावयाला डोकं पुसायला पंचा दे!"