मागणं नसलेला अभ्यासक्रम

माहितीपत्रकाची शेवटची प्रत तिच्या डोळ्यांदेखत एका उंच मुलानं उचलली. कॉलेजच्या रांगेत त्याच्यामागे तीच उभी होती. दुसरी एखादी असती तर 'जरा बघू का?' म्हणून मोकळी झाली असती. ही मात्र गुपचूप त्याच्या शेजारी बाकावर जाऊन बसली आणि मान तिरपी करून वाचू लागली. भिंतींना नव्या रंगाचा वास येत होता, वरचा पंखा कुरकुरत होता. दोन पानं अशी वाचून झाली. तिसऱ्या पानावर तो थांबला.

"उलटू का? की तुमचं व्हायचंय अजून?"

ती कानापर्यंत लाल झाली. "नाही... म्हणजे... राहू दे."

त्यानं माहितीपत्रक दोघांच्या मधोमध धरलं.

तिच्या जिवाला घोर होता तो मावशीच्या केंद्राचा. घरात कुणी आजारी असलं की चाकाची खुर्ची, वॉकर, वरखाली होणारा पलंग हवे तितके दिवस फुकट वापरायला द्यायचे, हे काम मावशीनं उभं आयुष्य केलं. आता तिच्या गुडघ्यांनी संप पुकारला होता आणि केंद्र भाचीच्या गळ्यात पडणार होतं. भाची कामाला वाघ. खुर्चीचं चाकसुद्धा स्वतः बदलायची. पण असलं केंद्र चालतं लोकांकडे मागून, आणि हिला तर बसमध्ये कुणाला 'जरा सरकता का' म्हणायचं तरी घाम फुटायचा. सामाजिक संस्था कशी चालवायची याचं हल्ली रीतसर शिक्षण मिळतं, तेव्हा कॉलेजं बघ आणि प्रवेश घे, असा मावशीचा हुकूम होता. आपल्या हाती आलं की केंद्राला टाळं लागणार, या धास्तीनं तिची झोप उडाली होती.

तो मुलगा एका रक्तपेढीसाठी शिबिरं भरवायचा. मी अनोळखी माणसांकडे रक्त मागतो, असं तो वाट विचारल्याइतक्या सहज सांगायचा. त्यालाही हाच अभ्यासक्रम हवा होता. मग दोघं मिळून कॉलेजं पालथी घालू लागली, आणि प्रत्येक कॉलेजनंतर तिथल्याच कँटीनमध्ये चहा ठरलेला. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. चहाचा कप पुढे सरकवताना त्याची बोटं तिच्या बोटांना लागायची आणि क्षणभर तिथेच रेंगाळायची. तिला ते आवडायचं. आवडतंय म्हणून आणखी एक काळजी वाढायची.

एकदा त्यानं तिच्याकडची माहितीपत्रकं चाळली. चांगली चांगली कॉलेजं तिनं फुली मारून बाद केली होती.

"याला काय झालं?"

ती चमच्याशी चाळा करत राहिली. "त्यात... देणग्या मिळवणं हा विषय सक्तीचा आहे."

"आणि याला?"

"त्यातही आहे."

तो इतका हसला की शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघू लागली. "म्हणजे तू पोहण्याचा असा वर्ग शोधतेस, ज्यात पाणीच नाही?"

तिचे डोळे भरून आले. "हसू नकोस ना. कुणी नाही म्हटलं तर?"

त्याचं हसू तिथेच विरलं. "मला तर रोजच म्हणतात. थोडं लागतं. संध्याकाळपर्यंत बरं वाटतं."

त्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. काउंटरवर जाऊन जादाची बशी माग, खिडकीजवळच्या बाईंना सरकायला सांग, असले धडे. पण ताकाला जाऊन भांडं लपवायची तिची जुनी खोड. मागणं अर्ध्यावर आलं की ती 'राहू दे' म्हणून पळ काढायची. तो तिला 'राहूदे' याच नावानं हाका मारू लागला.

"मागितलंस ना, की गप्प बसायचं," तो बजावायचा. "समोरच्याला विचार तरी करू दे. तू त्याच्या वतीनं आधीच नाही म्हणून टाकतेस."

शेवटी तिनं उसनं बळ आणून, सक्तीचा विषय असलेल्या कॉलेजातच प्रवेश घेतला. याच शहरातलं, संध्याकाळचं कॉलेज. तोही तिथेच येईल, असं तिनं मनातल्या मनात ठरवूनही टाकलं होतं. आणि तो म्हणाला, त्याला लांबच्या शहरात प्रवेश मिळालाय, दोन वर्षं तिकडेच राहायचं, येत्या सोमवारी निघायचं. हे सांगताना त्यानं मान वर केली नाही. तिनं अभिनंदन केलं. चहा तसाच टाकून घरी आली.

मावशीनं विचारून विचारून तिच्याकडून सगळं काढून घेतलं. "तुला काय हवंय ते सांगितलंस का त्याला?"

"तो चाललाय, मावशी."

"चाललाय ते कळलं. मी वेगळं विचारलं."

दुसऱ्या दिवशी ती रक्तपेढीत गेली. स्पिरिटचा वास, रिकाम्या खुर्च्या. तो त्याचं कपाट आवरत होता. ती त्याच्या समोर जाऊन उभी राहिली.

"जाऊ नकोस असं नाही म्हणणार मी. कॉलेज चांगलं आहे, जायलाच हवंस. पण... शिकून झालं की इथेच ये परत. माझ्यासाठी ये."

मागून झालं. नेहमीचे दोन शब्द ओठांवर आले, ते तिनं गिळले. कोपऱ्यातला फ्रिज घरघरत होता. तो नुसता बघत होता. तिचा जीव टांगणीला लागला, तरी ती गप्प राहिली.

"एवढंच?" तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "मी तर याहून बरंच जास्त द्यायच्या तयारीत होतो."

"मग आधी का नाही बोललास?"

"बाकी कुणाचाही नकार चालतो मला," तो हळूच म्हणाला. "तुझा नसता चालला."

मग तिनं उरलेलंही मागून घेतलं.