राजूरची प्रत

दुपारचा चहा आला तेव्हा शर्वाणी घोलपच्या पडद्यावर एक दुरुस्ती तपासणीसाठी येऊन पडली होती. दुरुस्ती कसली, एक चिन्ह! हल्ली संगणकाची आज्ञावली यंत्रच लिही आणि यंत्रच दुरुस्त करी. माणसाकडे उरली होती ती फक्त सही, कारण कायद्याला प्रत्येक बदलाखाली एका माणसाची संमती हवी होती. बहुतेक जण हातातला कप खाली न ठेवताच ती देऊन टाकत.

ती काम करी त्या नाशिकच्या कंपनीत कृत्रिम दृष्टिपटलाची आज्ञावली तयार होई. नखाएवढी चकती डोळ्यात बसवली की गेलेली दृष्टी परत येई. चकती कधी बंद पडलीच, तर ती कंपनीच्या कोठारातून आपली प्रत मागवून घेई आणि पुन्हा चालू होई. त्याच कोठारात रोजच्या चाचण्यांसाठी काढलेल्या कच्च्या प्रतींचा उकिरडा साचला होता. कच्च्या प्रतीला आपापल्या गावाचं नाव द्यायचं, पुढे तारखेचे आकडे घालायचे, अशी तिथल्या पोरांची लाडकी रीत होती. झाडलोट करणाऱ्या आज्ञावलीला गाव आणि आकडे असा नमुना दिसला की ती प्रत पुसून टाकी. पण काही आळशी मंडळी आकडे लावतच नसत. म्हणून यंत्राने त्या नमुन्यात एक प्रश्नचिन्ह घातलं होतं. त्याचा अर्थ एवढाच, की आकडे नसले तरी पुसा.

"अगं, अजून झालं नाही?" गटप्रमुख हेरंब नवाथे मागे येऊन उभे राहिले. "कोठार तुडुंब भरलंय. नवी प्रत ठेवायला जागा नाही. आणि चाचण्या सगळ्या पास आहेत."

"चाचण्याही यंत्रानंच लिहिल्यात, सर."

शर्वाणीला उगाचच धास्ती वाटत होती. तिने यंत्राला विचारलं, या नमुन्यात आणखी काय सापडतं? उत्तर लगेच आलं: मोजक्या जुन्या प्रती, सर्व निरुपयोगी, कित्येक वर्षांत कुणी मागितलेल्या नाहीत. त्यांत एक नाव होतं नुसतं राजूर, पुढे आकडे नाहीत.

"आपल्यात राजूरचं कोण आहे, सर?"

हेरंबनी वाकून पडद्यावरचं नाव पाहिलं. "कुणीच नाही. राजूरला आपलं पहिलं शिबिर झालं होतं. तेव्हा एका शिबिरातल्या सगळ्या रुग्णांची मिळून एकच प्रत असायची, तिलाच आम्ही गावाचं नाव द्यायचो. पोरांनी ती रीत तिथूनच उचलली."

"म्हणजे ही कच्ची प्रत नाही!"

"पण इतकी वर्षं कुणी मागितली नाही म्हणजे... वय झालं होतं गं सगळ्यांचं. कुणी उरलं नसेल."

त्यांनाही खात्री नव्हती, हे त्यांच्या आवाजावरून कळत होतं. शर्वाणीने शिबिरातल्या रुग्णांचे फोन क्रमांक काढले. पहिले दोन लागलेच नाहीत. तिसरा लागला.

"हां, हौसाबाई भांगरे बोलते."

"आजी, मी डोळ्याच्या कंपनीतून बोलतेय. तुमचा डोळा कसा आहे?"

"लई झ्याक! नातीच्या डोक्यातल्या उवासुदिक दिसत्यात."

"कधी बंद पडला नाही?"

"न्हाई बा. एकदाबी न्हाई."

डोळा इतका चांगला चालला होता, म्हणूनच त्याची प्रत कुणी मागितली नव्हती. आता ती पुसली गेली, तर लगेच काहीच घडणार नव्हतं. घडणार होतं ते पुढे कधीतरी, चकती पहिल्यांदा बंद पडेल तेव्हा. मग या बाईला कायमचा अंधार.

फोन कानाला तसाच धरून तिने ठळक अक्षरांत नकार लिहिला आणि कारण दिलं. यंत्राचं नम्र उत्तर आलं: नकाराची नोंद झाली. दुरुस्ती दुसऱ्या तपासनिसाकडे पाठवली आहे.

"सर, थांबवा ना ते!"

"माझ्या हातात नाही गं. वरून परवानगी लागते." हेरंब घाईघाईने फोन लावू लागले. पलीकडे कुणी उचलत नव्हतं.

कायद्याने एक होकार मागितला होता. नकाराचं काय करायचं, हे त्यात कुठेच नव्हतं. तो दुसरा तपासनीस कोण, कुठल्या शहरात बसलाय, हेही शर्वाणीला दिसत नव्हतं. पडद्यावर एवढंच उमटलं होतं: तपासनीस पाहत आहे.

"बाई, काय थांबवायचं म्हन्ता?" हौसाबाई विचारत होत्या. "माझा डोळा ऱ्हाईल ना?"