आटोपशीर

ब्लॉग लिहिणाऱ्यांबद्दल माझं मत आधीच सांगून टाकतो. सकाळी पोहे केले, कढीपत्ता संपला होता, यावर चारशे शब्द लिहायचे आणि कुणी वाचतंय का याची वाट बघत बसायचं, हे रिकामटेकड्यांचे उद्योग आहेत. बत्तीस वर्षं मी एका दैनिकात उपसंपादक होतो. असला मजकूर माझ्या टेबलावरून थेट टोपलीत जायचा.

निवृत्तीनंतर आम्ही खालापुरात, तहसील कचेरीच्या मागच्या गल्लीत राहायला आलो. दुपारी लांबून गाड्यांची घरघर तेवढी ऐकू येते. त्या वेळात माझी बायको उज्वला मोबाइलवर पळसदरीच्या कुणा समिधाचा ब्लॉग वाचायची, आणि मी नको म्हणत असताना मलाही वाचून दाखवायची. तिच्या लेखात असायचं खिडकीत कान तुटलेल्या कपात लावलेलं ओव्याचं रोप. भिंतीवरचं, कायम पाच मिनिटं पुढे असलेलं घड्याळ.

"आपल्याच घरासारखं हाय बगा," उज्वला म्हणाली.

मी म्हटलं, सगळ्यांची घरं सारखीच असतात, म्हणून तर त्यांच्यावर लिहायचं नसतं.

"मला बरं वाटतं वाचून. तिला बारीकसारीक समदं दिसतं. नायतर आपल्याकडं कोण बगतंय इथं?"

ते मला झोंबलं. त्याच रागात मी लेखाखाली प्रतिक्रिया टाकली: फार पाल्हाळ आहे, रोपाचा परिच्छेद काढा. तासाभरात परिच्छेद गेला. खाली उत्तर आलं, "आभारी आहे सर. लेख आटोपशीर झाला."

संध्याकाळी आमच्या खिडकीत कप नव्हता. जिथे तो असायचा तिथे ओलसर गोल डाग होता. उज्वलाला विचारलं, तर तिने मलाच विचारलं की कसलं रोप. ती थट्टा करत नव्हती.

वयोमानाप्रमाणे माणूस विसरतो, असं मी ठरवून टाकलं. पुढच्या आठवड्यात समिधाला लेखातलं घड्याळ काढायला सांगितलं. आमच्या भिंतीवर नुसता खिळा राहिला. उज्वलाच्या मते तो पहिल्यापासूनच रिकामा होता.

मग मात्र मी पळसदरीला जाऊन आलो. स्टेशनवर विचारलं, धरणाच्या वाटेवरच्या टपरीत विचारलं. ब्लॉग लिहिणारी समिधा कुणालाच माहीत नव्हती. परत येताना मला माझीच लाज वाटली. आयुष्यभर लोकांचं लिखाण कापत आलेला मी, एका भिकार ब्लॉगला घाबरून उन्हातान्हात वणवण करत होतो.

घरी आलो तर नवा लेख आला होता. त्यात एक बाई होती. दुपारी दाराशी बसून ती तांदूळ निवडते, गुणगुणते, गाण्यात एका जागी अडते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. उज्वलाने तो दोनदा वाचला. दुसऱ्यांदा वाचताना ती हसत होती.

मी लिहिलं: ही बाई लेखात काय करते? काढा.

पाठवण्याआधी माझं बोट थांबलं होतं. भ्यायला मी काय खुळा आहे, असं म्हणून मी पाठवलं.

सकाळी पलंगावर एकच उशी होती.

शेजारच्या पौर्णिमाकडे धावत गेलो. तिने मला खुर्ची दिली, पाणी दिलं.

"सर, तुमी तर एकटेच राहता," ती हळू आवाजात म्हणाली. "आमी आलो तवापासनं."

मी त्या ब्लॉगच्या पाया पडलो. त्याला दुसरा शब्द नाही. बाईला परत आणा, असं दहा वेळा लिहिलं. दुपारी उत्तर आलं.

"सर, काढलेला मजकूर मी ठेवत नाही. तुम्हीच लिहून पाठवा, घालते."

मी कागद घेऊन बसलो. ती काय गुणगुणायची? कुठे अडायची? बांगड्या कुठल्या रंगाच्या होत्या? हसताना तिच्या तोंडाचं काय व्हायचं? चौतीस वर्षांचा संसार, आणि माझ्याकडे लिहायला काही नव्हतं. मी ढसाढसा रडलो.

शेवटी एक वाक्य जमलं. तेच पाठवलं.

*स्वयंपाकघरात ओट्याशी एक बाई उभी असते.*

आत भांडं वाजलं.

मी धावलो. ती ओट्याशी उभी होती. पाठमोरी.

मी हाक मारली. ती वळली नाही.

आज चौथा दिवस. ती तशीच उभी आहे. बाजूला जाऊन मी अजून तिच्या तोंडाकडे बघितलेलं नाही. तोंडाबद्दल मी काहीच लिहिलं नव्हतं.