आठवपट्टी आणि नंबर एकचं गाणं

बार्शीच्या आरोग्य केंद्रात त्या सकाळी पंचाहत्तरीपुढची माणसं बाकावर बसून आपल्या तरुणपणातली गाणी ऐकत होती. कुणी मान डोलवत होतं, कुणी डोळे पुसत होतं. ज्याची पाळी येई त्याच्या कपाळाला एक रुंद, मऊ पट्टी बांधली जाई. तिचं सरकारी नाव लांबलचक होतं. लोक तिला आठवपट्टी म्हणत.

ऐन तरुणपणी ऐकलेली गाणी मेंदूत फार खोल रुजतात. विसरण्याचा रोग तिथपर्यंत सगळ्यात शेवटी पोचतो. तसं गाणं कानावर पडलं की मेंदूतला आनंदाचा भाग जागा होतो, आणि पट्टी ती जाग मोजते. जाग आली तर हिरवा दिवा, नाही तर पिवळा. पिवळे दिवे जास्त झाले की एकट्याने राहायची परवानगी जायची. मग मुलांच्या घरी जा, नाही तर सांभाळगृहात.

निवृत्ती खुड्यांना कुठेच जायचं नव्हतं. सत्तरच्या दशकापासून त्यांचा लग्नाच्या मांडवात स्पीकर लावायचा धंदा होता. बायको गेल्यावर ते स्वतःच्या घरात एकटे राहत, हाताने करून खात. तपासणीसाठी त्यांची मुलगी जयमाला पुण्याहून आली होती.

"आजोबा, अठ्ठ्याहत्तर सालचं रेडिओवरचं नंबर एकचं गाणं लावते हं," पट्टी बांधणारी तन्मयी म्हणाली.

गाण्यात आधी सायकलची घंटी वाजली, मागून ढोल आला. दिवा पिवळा.

"नाही ओळखलं?"

"न ओळखायला काय झालं? फालतू गाणं हाय."

"फालतू? कितीतरी आठवडे पहिलं होतं!"

"आसंल. दुसऱ्या कडव्यात गाणाऱ्याला दम पुरत नाही. ते झाकायला ढोल वाढवलाय. आम्ही मांडवामांडवात वाजवलं म्हणून लोकांच्या कानात बसलं, अन् लोकांनी रेडिओला पत्रं टाकली. त्या साली एक झकास गाणं होतं, ते कधी वर चढलंच नाही. ते लाव, मग बघ तुझा दिवा."

"ते यंत्रात नाही. वरच्या नंबरांचीच भरलीत."

"म्हंजी समद्यांना आवडलं ते मलाबी आवडाय पायजे व्हय?"

तन्मयीने पिवळ्याची नोंद केली. आठवत नसलं की माणूस 'आवडत नाही' म्हणतो, असं तिला प्रशिक्षणात शिकवलं होतं.

पुढची पाळी लतीफ तांबोळींची. ते निवृत्तींचे जुने मित्र, पूर्वी कॅसेटचं दुकान चालवायचे. प्रत्येक गाण्याला त्यांनी मांडीवर ताल धरला आणि प्रत्येक वेळी दिवा हिरवा झाला. उठताना ते निवृत्तींना म्हणाले, "चल रे हणमंता, चहा मारू."

हणमंत हा निवृत्तींचा थोरला भाऊ. त्याला जाऊन वीस-बावीस वर्षं झाली होती.

निवृत्तींनी तन्मयीकडे पाहिलं. "ह्यो पास?"

"पूर्ण पास."

"बाई, ढोल वाजला की पाळण्यातलं लेकरूबी खूश होतंय."

निवृत्तींना पंधरा दिवसांनी पुन्हा बोलावलं. रस्त्यात जयमालाने विचारलंच. "अण्णा, खरं सांगा. आठवत नाही म्हणून मत सांगून वेळ मारून नेताय का?"

"अगं, तू परकरात होतीस तवापासनं हेच सांगतोय न्हवं मी?"

"तेच तर! पाठ झालेलं वाक्य माणूस बाकी सगळं विसरला तरी म्हणतो."

अण्णा पाय उचलून पुढे चालू लागले. 

जयमाला दुसऱ्या तपासणीपर्यंत राहिली. आमटीत मीठ जास्त पडलं की ती त्यांच्याकडे बघायची, आणि ती बघते आहे का हे ते बघायचे. गॅस बंद केल्यावर ते मुद्दाम मोठ्याने सांगत, "केला बरं का बंद!" दुपारी ते खोलीचं दार लावून घेत. एकदा तिने दाराला कान लावला. आत सायकलची घंटी वाजत होती. गाणं संपलं की पुन्हा घंटी, पुन्हा ढोल. अण्णा सराव करत होते की दुसरं काही, ते तिला कळेना. विचारायचा धीर झाला नाही.

दुसऱ्या तपासणीला घंटी वाजली आणि दिवा लगेच हिरवा झाला. अण्णांचा पाय तालावर हलत होता.

"बघा आजोबा, आठवलं ना!" तन्मयीने कागद जयमालापुढे सरकवला. एकटे राहण्यास हरकत नाही, खाली नातेवाइकाची सही.  जयमालाने पेन उचललं.

तेवढ्यात अण्णांनी तिची बाही ओढली. आवाज अगदी हळू होता. "जया, गाणं तर बरं हाय की गं. मी ह्याला नावं का ठेवत होतो?"

दुसरं कडवं सुरू होतं. ढोल वाढला होता. गाणाऱ्याला दम पुरत नाही, हे उत्तर जयमालाच्या ओठांवर होतं, पण आपण सांगितलं तर पुढच्या वेळी ते आपलंच वाक्य म्हणून दाखवतील, हे तिला उमगलं. रोज ऐकून ऐकून गाणं त्यांच्या कानात बसलं होतं, की त्यांची आठवणच पुसली जात होती? तिने त्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. जन्मभर मांडवात लोकांची फिरकी घेत आलेला हा माणूस, आत्ता तिचीच परीक्षा तर घेत नव्हता?

दिवा हिरवाच होता. तन्मयी सहीची वाट बघत होती. जयमालाने कशावर विश्वास ठेवायचा, दिव्यावर की अण्णांच्या प्रश्नावर?