पाठ घासायला कुणीतरी

परक्या माणसाला इंग्रजीच कळते, असं थोंगयोंगच्या बंदरावर सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलेलं होतं. इल्डिको हंगेरीची. इंग्रजी तिचीही नव्हे, शाळेत रडतरखडत शिकलेली. पण ती बाजारात जायची, घरून घोटून आणलेलं कोरियन वाक्य म्हणायची, "अर्धा किलो कालवं द्या, बारीक बघून द्या," आणि कालववाली तिच्या पिंगट केसांकडे बघून म्हणायची, "फ्रेश! व्हेरी फ्रेश!" इल्डिकोने पुन्हा कोरियनमध्ये विचारलं, की ती पुन्हा इंग्रजीत, आणखी मोठ्याने. कालवं मिळायची, पण मोठी मिळायची.

माणसं वाईट नव्हती, पंचाईत होती ती हीच. पोर लांबून आली आहे, तिच्या डोक्याला कशाला ताप, म्हणून बिचारे आपल्याच जिभेला पीळ घालत. अशा लोकांवर रागवायचं तरी कसं?

घरीही तेच. नवरा इन्सोक मालवाहू जहाजावर इंजिनियर, वर्षातले निम्मे महिने समुद्रावर. घरात ती आणि सासू मालसून. सासू सत्तरीला टेकलेली, पण सुनेसाठी म्हणून पालिकेच्या इंग्रजी वर्गाला जाऊ लागली होती. सकाळी स्वयंपाकघरातून हाक यायची, "राइस! ईट!" इल्डिको कोरियनमध्ये म्हणायची, "आई, मुळ्याचं लोणचं फार छान मुरलंय," आणि सासू कौतुकाने मान डोलवायची, "थँक यू. यू टू." दोघी एकमेकींना भेटायला निघालेल्या, आणि रोज वाटेत चुकामूक.

जानेवारीत इन्सोकचा फोन आला. "आई म्हणते, तू इथे कोमेजून चाललीस. चांद्र नववर्षाचा सण झाला की सोलला खोली बघू. तिथे बोलायला चार माणसं तरी भेटतील तुला."

इल्डिकोने फोन ठेवला. तिला आई नव्हती. या बाईच्या हातचा भात खाताना तिला बऱ्याच वर्षांनी घरी आल्यासारखं वाटत होतं. ती तडक स्वयंपाकघरात गेली आणि म्हणाली, "आई, मला इथेच राहायचंय." वाक्य बिनचूक होतं. सासूने तिच्या तोंडाकडे पाहिलं, तिचा गाल थोपटला. "ओके, ओके. सोल गुड. मेनी फ्रेंड." सासूचे डोळे भरून आले होते.

बंदराच्या मागे चढावर एक जुनं सार्वजनिक न्हाणीघर आहे, विटांच्या उंच धुराड्याचं. मासळीबाजारातल्या बायका पहाटे न्हाऊन गेल्या, की तिथे सामसूम होते. इल्डिको त्या वेळेला जायची. सासूला तिने एकदा विचारलं होतं, तर ती गुडघा दाखवून म्हणाली, "नी. पेन."

फोनच्या दुसऱ्या दिवशी इल्डिको कोपऱ्यातल्या नळाशी बुटक्या स्टुलावर बसली होती. समोरचा आरसा वाफेने पांढरा झालेला. खरखरीत हातमोजा घालून ती पाठीच्या मधोमध पोहोचायची धडपड करत होती.

"दे इकडे. अशाने खांदा निखळेल तुझा."

मागून आलेला आवाज म्हातारा होता आणि कोरियन बोलत होता. इल्डिकोने खांद्यावरून हातमोजा मागे दिला. तिथे अनोळखी बायकाही एकमेकींची पाठ घासून देतात, त्यात नवल काही नाही. नवल होतं ते भाषेचं.

"कुणाची सून गं तू?"

"मालसूनबाईंची."

हात क्षणभर थांबला. "बरी आहे का ती?"

"गुडघा दुखतो त्यांचा."

"गुडघ्याला काही झालेलं नाही तिच्या," आवाज म्हणाला, आणि पाठ सालटी निघेपर्यंत घासली गेली.

मग स्टूल सरकल्याचा आवाज झाला. "आता माझी." इल्डिको वळली तेव्हा म्हातारी आधीच पाठ करून बसली होती. बारीक, ताठ पाठ, वर पांढऱ्या केसांचा अंबाडा. इल्डिको जपून घासू लागली.

"मी काय चिनी मातीची बशी आहे? जोर लाव. आणि कमरेपासून वर ये, वरून खाली नाही. हां. आता डाव्या खांद्यावरून पाणी सोड. आता मानेवर हात ठेव. ठेव नुसता. बाईला कळलं पाहिजे, की झालं."

इल्डिको पाण्याचं भांडं विसळायला नळाकडे वळली, तेवढ्यात म्हातारी निघून गेली होती.

त्यानंतर ती रोज भेटायची. इल्डिको अडखळली की थांबायची, चुकली की फटकारायची, आणि एकदाही इंग्रजीचा शब्द काढायची नाही. जिभेवरचा गंज उतरावा तसं इल्डिकोचं बोलणं मोकळं होत गेलं. इतकं उपकारांचं ओझं तिला कधी वाटलं नव्हतं, आणि ओझं असूनही ती चढ उतरताना हलकी व्हायची.

काही गोष्टी तिच्या ध्यानात आल्या होत्या. इतक्या वाफेत बसूनही म्हातारीची पाठ गार असायची, समुद्रावरून आत्ताच आल्यासारखी. कितीही घासली तरी तिचा मळ निघत नसे. एकदा इल्डिकोने आरसा पुसला. त्यात ती स्वतः दिसली, आणि मागे वाफ. पाठीवर घासणं तेव्हाही चालूच होतं.

ती वळली नाही. वळलं की आपलं तोंड दिसतं, आणि तोंड दिसलं की इंग्रजी सुरू होते. तिला ते नको होतं.

न्हाणीघराच्या दारात तिकीट देणारी बाई केळ्याच्या स्वादाच्या दुधाची बाटली पुढे करत हसून म्हणाली, "एव्हरी डे, यू टॉक, टॉक. अलोन! गुड स्टडी!" इल्डिकोने हसून मान हलवली. या बाईचं इंग्रजी यथातथाच आहे, तिला दुसरंच काही म्हणायचं असेल, असं तिने स्वतःला सांगितलं.

सण जवळ आला. एके दिवशी पाठ घासता घासता म्हातारी म्हणाली, "सणाची गर्दी व्हायच्या आत मालसूनला घेऊन ये."

"त्या यायच्या नाहीत. मी बोलले तरी त्यांना माझं बोलणं ऐकूच येत नाही."

"तोंडासमोर बोलतेस म्हणून. पाठ कर, चल म्हण, आणि चालायला लाग."

दुसऱ्या दिवशी इल्डिकोने दारात चपला घातल्या. रस्त्याकडे तोंड करून म्हणाली, "आई, चला, न्हायला जाऊ." आणि चालू लागली.

बराच वेळ काही नाही. मग चढावर, मागे, सासूच्या चपलांचा आवाज.

न्हाणीघरात दोघीच होत्या. सासूने आत येताच कोपऱ्याकडे पाहिलं, मग मान खाली घातली आणि बसली. इल्डिकोने तिची पाठ घासायला घेतली. कमरेपासून वर. डाव्या खांद्यावरून पाणी. मग मानेवर हात, नुसता ठेवलेला.

सासूची पाठ दगडासारखी ताठ झाली.

"असं घासायला कुणी शिकवलं तुला?"

हे कोरियनमध्ये होतं, हे कळायला इल्डिकोला एक क्षण लागला.

"इथेच एक आजी येतात. तोंड नाही पाहिलं मी त्यांचं. रोज बोलतात माझ्याशी."

"कसं बोलतात?"

"रागावतात. मी काय बशी आहे का, म्हणतात."

सासूचे खांदे हलले. हसू होतं की हुंदका, पाठीवरून कळेना.

"मी चेजू बेटावरून नवरी होऊन आले," ती म्हणाली, "तेव्हा माझं बोलणं इथे कुणाला कळत नव्हतं. सगळे खुणा करायचे. एकटी माझी सासू बोलायची. याच नळाशी बसून. ती गेली आणि मी इथे यायची थांबले."

इल्डिकोचा हात अजून मानेवरच होता.

"आई, मला सोलला पाठवू नका. मला तुमच्याजवळ राहायचंय."

"मग राहा की पोरी. मला वाटलं, बोलायला कुणी नाही म्हणून झुरतेस."

"तुम्ही आहात ना बोलायला."

सासूने नाक ओढलं. "वळ. तुझी घासते."

इल्डिको वळून बसली. तिला रडू येत होतं आणि ते तिने येऊ दिलं. सासूने दुसरं एक रिकामं स्टूल आपल्या मागे सारलं. ते ओल्या फरशीवरून घासत गेलं आणि सासूच्याही मागे कुठेतरी थांबलं.

सासू कमरेपासून वर घासत आली. मग तिने हातमोजा काढला. तिचे दोन्ही उघडे तळवे इल्डिकोच्या पाठीवर टेकले आणि तिथेच राहिले.

खरखर थांबली नव्हती.

इल्डिकोने वळून पाहिलं नाही. मनातल्या मनात तिने दोघींचे आभार मानले, कोरियनमध्येच.

"जरा जोरात घासा, आई," सासू म्हणाली.

मागची खरखर वाढली.