चेंडू माझी

काम अगदी साधं होतं. मैदानावर जायचं, तीन माणसांना एक प्रश्न विचारायचा, उत्तर फोनवर रेकॉर्ड करायचं आणि दिवेलागणीच्या आत परतायचं. नॉटिंगहॅमच्या वर्तमानपत्रांत वीणाची तीस वर्षं गेली होती. भल्याभल्या कौन्सिलरांना तिने घाम फोडला होता. बेसबॉल खेळणाऱ्या तीन बाप्यांचं तिला काय वाटणार?

भीती वाटत नव्हतीच. किळस वाटत होती.

गॅरेथ, मार्टिन, डंकन आणि कुश. चौदा सीझन एकाच व्यावसायिक क्लबकडून, एकाच मैदानावर, आपापल्या त्याच चार जागांवर. क्लब त्यांना ‘द फोर’ म्हणायचा, टी-शर्टांवर छापायचा. वीणा आपल्या इंग्रजी कॉलमातही ‘चौकडी’ हाच शब्द ठेवायची. मराठीत भल्या माणसांना चौकडी म्हणत नाहीत, ही मेख वाचकांत एकट्या तिच्या मैत्रिणीला, देवयानीला कळायची. कुश देवयानीचा मुलगा.

कुश इथेच जन्मला, इथेच वाढला. मराठी बोलायचा, पण जगातली प्रत्येक वस्तू त्याच्या तोंडी स्त्रीलिंगी. लहानपणी मागच्या गार्डनमध्ये ओरडायचा, “चेंडू माझी!” देवयानी सुधारायची, “माझा.” तो विचारायचा, “आता बरोबर?” आणि पुढच्याच चेंडूला पुन्हा “माझी!” मोठेपणी मैदानावर हीच त्याची आरोळी झाली. ऐकून ऐकून बाकीचे तिघे गोरेही झेल घेताना “माझी!” ओरडायला लागले.

ऑगस्टमधल्या एका रविवारी सकाळी कुश उठलाच नाही. एकतीस वर्षांचा होता. डोक्यात रक्तस्राव. तपासणीत मार गुरुवारचा निघाला, आणि गुरुवारी सरावाला हे चौघेच होते. डोक्याला लागलं की फिजिओला सांगायचं आणि पुढच्या मॅचेस बाहेर बसायचं, असा नियम. पण शनिवारी चौघांची एकत्र पाचशेवी मॅच होती. कुश खेळला. तिघांनी लिहून दिलं, की त्याने काही सांगितलं नाही, आम्हाला काही दिसलं नाही. येत्या सोमवारी मृत्यूची चौकशी करणाऱ्या कॉरोनरपुढे सुनावणी होती.

“शुक्रवारी माझ्याकडे जेवला गं तो,” देवयानी म्हणाली होती. “सगळा जन्म हॉस्पिटलच्या नोकरीत काढला मी, आणि समोर बसलेल्या पोराचं डोकं दुखतंय हे मला दिसू नये? त्याने सगळ्यांपासूनच लपवलं, की ह्या तिघांना सांगितलं होतं? एवढं फक्त कळू दे मला, वीणा.”

ऑक्टोबरातली दुपार. साडेतीनलाच ट्रेंट नदीवरून धुकं चढून आलेलं. स्टँड रिकामे. ओल्या मातीचा आणि चामड्याला लावायच्या तेलाचा वास.

“चहा घेणार का, मी डक?” गॅरेथने विचारलं. ‘माझं बदक’, नॉटिंगहॅमात लाडाने असंच म्हणतात. साठीच्या बाईला बदक म्हणणाऱ्या ह्या माणसाला मित्राचं डोकं फुटलेलं दिसलं नव्हतं.

“प्रश्न एकच आहे माझा.”

“आधी एक राउंड. त्याची जागा रिकामी ठेवून चेंडू फिरवतो आम्ही. रिस्पेक्ट म्हणून.”

“फोटोग्राफर आणलेला नाही मी,” वीणा म्हणाली.

गॅरेथ ओशाळला, पण गेला. ती पहिल्या बेसजवळच्या बाकावर बसली. ही ह्या खेळातली रीत. समोरचा बाद झाला की चेंडू चौघांत फिरवायचा. तिसऱ्या बेसवरून कुशच्या जागी, म्हणजे तिसऱ्या-दुसऱ्याच्या मधे, तिथून दुसऱ्या बेसला, तिथून पहिल्याला, आणि परत तिसऱ्याला. जवळचा गॅरेथ तिला स्वच्छ दिसत होता. दुसऱ्या बेसवरचा मार्टिन म्हणजे नुसता डाग. त्यापलीकडे सगळं पांढरं.

चेंडू ग्लोव्हमध्ये बसला की आवाज येतो. ठप्प. तिघांचे तीन.

ठप्प. ठप्प. ठप्प. ठप्प.

तिने बोटांवर मोजले. पुन्हा चार. आणि दुसऱ्या ठप्पच्या आधी, धुक्यातून… “माझी!”

नाटकी मेले, तिच्या मनात आलं. चौथा माणूस उभा केलाय, रिपोर्टर येणार म्हणून! ती ताडकन उठली आणि मार्टिनला ओलांडून थेट कुशच्या जागेवर गेली.

तिथे कुणी नव्हतं. लाल ओली माती, नुकती सपाट केलेली. तिच्यावर पावलं होती ती फक्त वीणाची.

“चौथा कोण आहे?” तिने खडसावलं.

तिसऱ्या बेसवरचा डंकन तोंडावर ग्लोव्ह धरून उभा होता. “तुम्हालाही ऐकू आलं?” तो कुजबुजला. “आम्ही थांबलो तरी… तो थांबत नाही. घरी ऐकू येतं. म्हणून येतो रोज…”

वीणाने फोन पुढे धरला. “मार लागल्याचं कुशने तुमच्यापैकी कुणाला सांगितलं होतं?”

गॅरेथ जवळ आला. तो तिच्याकडे बघत नव्हता. तिच्या डाव्या खांद्यामागे बघत होता. “नो,” तो म्हणाला.

“नो,” मार्टिन म्हणाला.

डंकनचे ओठ नुसतेच हलले. मग… “नो.”

“चौदा वर्षांची दोस्ती,” वीणा म्हणाली, “आणि तिघांना मिळून एकच शब्द येतो. पाचशेवी मॅच झाली ना पण? झालं तर.”

ठप्प.

तिच्या कानाशी. तिघांचेही ग्लोव्ह काखेत होते. तिने मागे वळून पाहिलं नाही. गाडीपर्यंत ती चालतच गेली. पळायचं नाही, निदान ह्या तिघांसमोर तरी नाही.

सहा वाजता देवयानीच्या किचनमध्ये तिने फोन टेबलावर ठेवला. “तिघेही नाही म्हणाले,” तिने आधीच सांगून टाकलं. रेकॉर्डिंग सुरू झालं. नो. नो. नो. मग तिचा स्वतःचा चिडका आवाज. ठप्प.

आणि मग मैदानावर तिने मुळीच न ऐकलेलं काहीतरी. हळू, नॉटिंगहॅमच्या हेलातलं मराठी.

“मी सांगितली होती… तिघांना.”

देवयानी रडली नाही, दचकलीही नाही. एकतीस वर्षांची सवय आपोआप तोंडातून बाहेर पडली. “सांगितलं होतं, राजा. सांगितली नाही.” मग तिचा हात तोंडावर गेला.

केटल खटकन बंद झाली.

“परत लाव,” ती म्हणाली.

वीणाने बोटाने रेकॉर्डिंग मागे नेलं. नो. नो. नो. ठप्प.

“मी सांगितलं होतं,” फोनमधून आलं. एकेक शब्द जपून, धडा म्हटल्यासारखा. “तिघांना. आता बरोबर?”

रेकॉर्डिंग सहा मिनिटं चार सेकंदांचं होतं. स्क्रीनवर सहा-चार आले. मग सहा-पाच. सहा-सहा… आकडे पुढे सरकतच राहिले, कुणीतरी उत्तरासाठी थांबल्यासारखे.