सावलीत भाजलेला टॅबलेट

"चेलो, आत्ताच्या आत्ता ये. त्या पोरीने वर्ननचा आवाज जाळला."

फोन मार्लीन हॅस्केटचा होता. रविवारची संध्याकाळ, बाहेर अजून कानशिलं तापवणारी गरम हवा, आणि चेलो बराझा नुकतीच गार पाण्यात पाय सोडून बसली होती. पंचवीस वर्षं तिने काउंटी पोलिसात तपास केला. निवृत्त झाल्यावर ती वाळवंटातल्या मेसा शहराच्या या गल्लीत राहायला आली ती शांतता मिळेल म्हणून. पण एकदा कुणाची तरी चोरीला गेलेली सायकल शोधून दिली, आणि तेव्हापासून गल्लीतल्या प्रत्येक भानगडीला हिचाच फोन वाजतो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पुटपुटत तिने चपला घातल्या.

हॅस्केटांच्या स्वयंपाकघरात टेबलावर टॅबलेट पडला होता. पाठ फुगलेली, काच एका कडेने सुटलेली.

वर्नन हॅस्केट, मार्लीनचा नवरा, क्रेन चालवायचा. दोन वर्षांपूर्वी त्याला झटका आला. उजवं अंग गेलं आणि शब्दही गेले. उरला एकच शब्द, 'मंगळवार'. भूक लागली तरी मंगळवार, पाय दुखला तरी मंगळवार. बाकी सगळं तो या टॅबलेटवरच्या चित्रांना बोट लावून बोलायचा. चित्राला हात लागला की यंत्र त्याच्या वतीने बोले. दोन वर्षं खपून त्याने ती चित्रं शिकली होती. नवं यंत्र मिळायचं तर विमावाल्यांच्या दारात महिनोन् महिने बसावं लागणार होतं.

"उन्हात ठेवला हो त्याला सांभाळणाऱ्या त्या पोरीने," मार्लीन म्हणाली. "स्वतःच्या गाडीत विसरली असणार. मी चर्चच्या जेवणाला गेले आणि हिने हे दिवे लावले. उद्या संध्याकाळी तिच्या एजन्सीला कळवणार आहे मी. पुन्हा कुठल्या आजाऱ्याच्या घरात तिला पाऊल टाकू देणार नाहीत."

"ती काय म्हणते?"

"म्हणते, मागच्या पडवीतल्या टेबलावरच होता. आता तूच सांग, पडवी पूर्वेला. दुपारनंतर तिथे ऊन येतं कधी? म्हणून तर वर्ननला तिथे बसवतो."

बाई बोलत होती ते खरं होतं. चेलो पडवीत गेली. घराची सावली पार मागच्या भिंतीपर्यंत पसरलेली. भिंतीपलीकडे लॉइड टिब्बेट्सचं दुमजली घर. टेबलाला टॅबलेटचा स्टँड स्क्रूने पक्का बसवलेला, पण त्याचे रबरी पंजे दिसेनात.

"ते टॅबलेटलाच चिकटून आले," मार्लीन म्हणाली. "आणि हे गवत बघ."

टेबलाजवळच्या प्लॅस्टिकच्या गवतावर एक पट्टा आक्रसून गेला होता.

"गरम तवा ठेवला असेल तिने. परवापासून आहे. वर्ननचा हातही बघ, चहा सांडलाय त्याच्यावर. गल्लीत सगळ्यांना मी शिस्त लावली. या टिब्बेट्सच्या घराची कळासुद्धा मीच सुधारून घेतली. ही पोरगी तेवढी सुधरत नाही."

चेलोचं डोकं ठणकायला लागलं. तवा, चहा, गाडी. एका पोरीने एका आठवड्यात किती उद्योग करायचे?

येसेनिया ओचोआ, वर्ननची काळजी घेणारी, बाहेर आपल्या गाडीला टेकून उभी होती. रडून डोळे सुजलेले.

"पोरी, खोटं बोलू नकोस," चेलो म्हणाली. "दुपारी गाडी घेऊन गेली होतीस?"

"नाही."

"मग शेजारच्या सीटवर हा लाल चिकटा कसला?"

येसेनियाने मान खाली घातली.

"बर्फाचा गोळा," ती शेवटी म्हणाली. "वर्ननसाहेबांना हवा होता. टॅबलेटवर तीनदा सांगितलं त्यांनी. मॅडम त्यांना साखर देत नाहीत. रोज चारनंतर मी त्यांना टॅबलेटसकट व्यायामाला आत नेते, पण आज ते हटूनच बसले. म्हटलं, पटकन जाऊन आणते."

"त्याला एकट्याला सोडून?"

"चुकलं माझं."

"टॅबलेट कुठे होता?"

"स्टँडवर. आईची शपथ. आले तेव्हा सगळीकडे सावली होती आणि तो इतका गरम की हात लावेना."

"तव्याचं काय?"

"कसला तवा? आणि या घरात मी चहा करत नाही, चेलोबाई. त्यांना ठसका लागतो."

चेलोला पोरीचा राग आला आणि कीवही आली. गोळ्यासाठी ही आपल्या नोकरीवर पाणी सोडायला निघाली होती. आणि हिचं खरं मानलं तरी कोडं सुटत नव्हतं. सावलीत भाजतं का कधी काही?

उरला साक्षीदार वर्नन. चेलो त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसली.

"वर्नन, टॅबलेट कुणी नेला का?"

त्याने होकारार्थी मान हलवली.

"की इथेच होता?"

पुन्हा होकार.

"येसेनियाने नेला?"

होकार. मग नकार. झटक्यापासून त्याचं हो-नाहीही उलटसुलट होई. मग त्याने डावा हात वर करून आभाळाकडे दाखवलं आणि चिडून म्हणाला, "मंगळवार."

"कबुतरं," मार्लीन म्हणाली. "कबुतरांचा भारी राग आहे त्याला. सारखं तेच चाललंय."

"मंगळवार," वर्नन ओरडला आणि चाकाच्या खुर्चीवर मूठ आपटली.

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. समोर माणूस बसलाय, त्याला सगळं माहीत आहे, आणि आपण गाढवासारखे त्याचं तोंड बघतोय. तिने त्याचा डावा हात हातात घेतला. हाताची पाठ लालबुंद, दोन फोड आलेले. घड्याळाच्या पट्ट्याखालची कातडी मात्र धड होती. तळवाही धड.

त्या रात्री तिला धड झोप लागली नाही. स्वतःवरच चिडून तिने दोनदा उशी फेकली.

सोमवारी सकाळी ती टिब्बेट्सकडे गेली.

"काल दुपारी हॅस्केटांच्या पडवीत कुणी दिसलं?"

"मी कशाला बघतोय?" टिब्बेट्स गुरगुरला. "पडदे लावून अंधारात बसलोय चार दिवस. हिवाळ्यात एवढे पैसे ओतून ऊन परतवणाऱ्या काचा बसवल्या, वरून काळ्या जाळ्या लावल्या. आणि गुरुवारी सोसायटीने जाळ्या उतरवायला लावल्या. म्हणे रंग नियमात बसत नाही."

"सोसायटीला काय सुचलं अचानक?"

"कुणीतरी चुगली केली. नाव सांगत नाहीत. सापडू दे एकदा."

चेलो वळून त्याच्या वरच्या मजल्याच्या खिडकीकडे बघत राहिली. मग तिने स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. वाटेत दुकानातून तिने एक लांब मेणबत्ती घेतली.

चार वाजता तिने सगळ्यांना पडवीत बोलावलं. टिब्बेट्सही आला, कुरकुरत. वर्ननची खुर्ची तिने मुद्दाम लांब, भिंतीशी लावली. मेणबत्ती टेबलावर उभी केली, न पेटवता.

"वाढदिवस कुणाचा?" मार्लीनने टोमणा मारला. "मला एजन्सीला फोन करायचाय."

"जरा दम धर."

थोड्या वेळाने भिंतीपलीकडून एक पांढरा उजेड उतरला. गवतावरच्या आक्रसलेल्या पट्ट्यावरून सरकत तो टेबलावर चढला. वर टिब्बेट्सची खिडकी डोळे दिपवत होती. बघता बघता मेणबत्तीने मान टाकली.

"हा तुझा तवा," चेलो म्हणाली. "हाच तुझा चहा. मावळतीचं ऊन तुमच्या छपरावरून त्या काचेवर पडतं आणि आतल्या बाजूला किंचित दबलेली ती काच खोलगट आरशासारखी ते एकवटून इथे फेकते. थोडाच वेळ. रोज त्या वेळेला येसेनिया वर्ननला आत घेऊन जाते, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. काल ती गोळा आणायला गेली होती. ती चूक तिची, त्याबद्दल तू तिला हवं तेवढं बोल. पण टॅबलेट जागचा हलला नाही. स्टँडचे रबरी पंजे त्याला चिकटले, म्हणजे तो भाजला तो स्टँडवरच. गाडीत भाजला असता तर पंजे इथे शाबूत राहिले असते."

"मग वर्ननने ओढून का नाही घेतला?" मार्लीनने विचारलं. आवाज आता खाली आला होता.

"एका हाताने त्याला तो स्टँडमधून निघत नाही. म्हणून त्याने दुसरं केलं." चेलोने वर्ननचा हात उचलून दाखवला. "हाताची पाठच भाजली, तळवा नाही. त्याने हात टॅबलेटवर आडवा धरला. सहन होईपर्यंत त्याच्यावर सावली धरून बसला होता हा."

येसेनियाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"आणि कालपासून तो आपल्याला ती खिडकी दाखवतोय. आपण म्हणतोय कबुतरं."

"म्हणजे यानेच केलं," मार्लीन टिब्बेट्सकडे वळली. "काय मेली काच बसवलीस."

"जाळ्या होत्या तोवर काही झालं नाही," चेलो म्हणाली. "गवत शुक्रवारी आक्रसलं. जाळ्या गुरुवारी उतरल्या. मार्लीन, टिब्बेट्सच्या घराची कळा तू कशी सुधारून घेतलीस, ते सांग आता."

"जाळ्यांची तक्रार मीच केली," मार्लीन पुटपुटली. टिब्बेट्सने तिच्याकडे पाहिलं, काहीतरी जहाल बोलायला निघाला, आणि वर्ननचा हात बघून गप्प बसला.

"मला वाटलं, नुसतंच विद्रूप दिसतंय," मार्लीन म्हणाली. ती वर्ननपाशी गुडघ्यांवर बसली आणि त्याच्या फोडांना न लावता त्याचं मनगट धरून रडायला लागली. वर्ननने हात काढून घेतला नाही. पण तिच्याकडे बघितलंही नाही.

बऱ्याच वेळाने ती उठली. "लॉइड, त्या जाळ्या आजच लाव. सोसायटीशी मी भांडेन." मग येसेनियाकडे न बघताच म्हणाली, "तू उद्या येशील ना?"

येसेनियाने पिशवी खांद्याला लावली होती.

वर्ननने भाजलेला हात तिच्याकडे पुढे केला.

"मंगळवार," तो म्हणाला.

उद्या खरोखरच मंगळवार होता. येसेनियाने पिशवी उतरवून टेबलावर ठेवली आणि मलम आणायला आत गेली.